समोर हंडिया

पहाटेचे साडेपाच. नेमावरच्या घाटावर अजून अंधार आहे आणि नर्मदा दिसण्याआधी ऐकू येते. खाली बांधलेल्या नावा एकमेकींना घासून ठकठक करतात. वरच्या अंगाला कुणीतरी राखेने लोटा घासतंय. सिद्धनाथाच्या देवळात एकदाच घंटा वाजते आणि पुन्हा शांत. माघ चालू आहे. नर्मदा जयंती चार दिवसांवर आलीय, मांडवाचे बांबू ओट्यावर आडवे पडलेत. मी शाल कानांवरून घट्ट ओढून घेते आणि पाण्यापासून चौथ्या पायरीवर बसते. दगडातून गारवा अंगात चढतो.

समोर, पाण्याच्या पलीकडे, पाच-सहा दिवे लुकलुकतात. ते हंडिया.

काल संध्याकाळी इंदूरहून बसने आले. कन्नोद, खातेगाव मागे पडलं तरी दोन्ही बाजूंना गहू-हरभराच होता, नदीची चाहूलसुद्धा नव्हती. मग कंडक्टरने गावाचं नाव पुकारलं आणि मी पिशवी उचलली. बसमधले बाकीचे सगळे तसेच पुढे गेले, पुलावरून हरदा जिल्ह्यात आणि तिथून बैतूलकडे. नेमावरला उतरणारी मी एकटीच. आठ-नऊशे वर्षं इथे याच्या बरोबर उलट होतं. माळव्यातून दक्षिणेला निघालेला कुणीही असो, पालखीतला, घोड्यावरचा, उंटावरचा किंवा बैलांच्या तांड्यामागून चालणारा, त्याला या काठाला थांबावंच लागे. नदी आडवी होती. नाव मिळेपर्यंत मुक्काम, आणि मुक्काम म्हणजे गाव.

आपल्याला बंदर म्हटलं की दाभोळ, चौल, वेंगुर्ले आठवतं. नेमावर त्या अर्थाने बंदर नव्हे. इथून गलबतं समुद्राला गेली नाहीत. वाटेत नर्मदा खडकांवरून इतक्या ठिकाणी उड्या मारते की ते शक्यच नव्हतं. हे आडव्या जाणाऱ्यांचं बंदर. मराठीत त्याला सुंदर शब्द आहे: उतार. जुन्या पत्रांत ‘नर्मदा उतरून’ हा प्रयोग जागोजागी भेटतो. फौज नर्मदा ओलांडत नाही, ती नर्मदा उतरते. दसऱ्याला सीमोल्लंघन, नद्यांचं पाणी ओसरलं की कूच, आणि मग हिंदुस्थानात शिरायचं तर ही शेवटची मोठी नदी आधी उतरायची. आज या पायऱ्यांवर बसून तो शब्द मनात घोळवताना मला पहिल्यांदा जाणवतं की त्यात पायऱ्यासुद्धा आहेत.

सहा वाजून गेले. पूर्वेकडून, डाव्या हाताने, पाणी राखाडी व्हायला लागतं. आधी नावा दिसतात, मग नदीच्या मधोमध पाण्यातून जेमतेम वर आलेलं बेट. ते नाभिकुंड. अमरकंटकच्या उगमापासून भरूचच्या खाडीपर्यंत नर्मदा १,३१२ किलोमीटर वाहते आणि तिची बेंबी इथे आहे असं हा सगळा मुलूख मानतो. नेमावरमधल्या कुणालाही पत्ता विचारा, तो आधी हे सांगतो.

माझ्या शेजारी, दोन पायऱ्या खाली, एक मुलगा येऊन उकिडवा बसलाय. नऊ-दहा वर्षांचा असेल. हातात सुतळीची गुंडाळी आणि सुतळीच्या टोकाला लोहचुंबकाचं काळं कडं, जुन्या स्पीकरमधून काढलेलं. तो कडं पाण्यात भिरकावतो, तळ लागला की हळूहळू ओढत आणतो. पहिल्या खेपेला नुसता गाळ. दुसऱ्या खेपेला कड्याला तीन नाणी चिकटून येतात, दोन एकाची, एक दोनाचं. तो ती दातांवर घासल्यासारखी करून शर्टाच्या खिशात टाकतो. लोक घाटावरून, पुलावरून, बसच्या खिडकीतून हात जोडून नाणं टाकतात. पहाटे तो ते गोळा करतो. शाळा दहाला आहे म्हणतो.

मी बघत राहते. आणि मग लक्षात येतं की चुंबकाला लागतात ती आपली पोलादी नाणी. तांबं त्याला लागत नाही, चांदी लागत नाही. अकबराचा तांब्याचा दाम, मोगली रुपया, शिंदे-होळकरांचे शिक्के, जे कुणी इथे नाव सुटताना भीतीने किंवा भक्तीने पाण्यात सोडले असतील, त्यांच्यावरून या पोराचं कडं रोज सरपटत जातं आणि काहीच उचलत नाही. पुराने वाहून नेलं नसेल ते अजून तिथेच आहे.

चौथ्या-पाचव्या खेपेला मात्र वेगळंच काहीतरी येतं. करंगळीपेक्षा लांब, गंजाने फुगलेलं. मुलगा ते टाकून द्यायला निघतो, मी मागून घेते. हातात जड लागतं. गंजाचे पापुद्रे नखाने सुटतात, आत चौकोनी दांडा, गोल नव्हे. डोकं एका बाजूला चपटं, हातोडीने ठोकून पसरवलेलं. टोक वाकवून परत आत वळवलेलं. कारखान्यातला खिळा असा नसतो, हा भट्टीतला आहे.

नाव झाडत असलेला केवट माझ्या हाताकडे बघतो. “नावेचा आहे,” तो म्हणतो. त्याच्या हिंदीत माळवी मिसळलेली, पण समजायला अडचण नाही. फळीतून आरपार मारायचा आणि पलीकडून टोक असं वळवायचं, म्हणजे लाट कितीही आली तरी फळी सुटत नाही. असे खिळे लोहाराकडून घडवून घ्यायचे, हे त्याच्या आजोबांचं सांगणं. त्याने स्वतः कधी घडवून घेतले नाहीत. त्याच्या नावेला डिझेलचं इंजिन आहे आणि नट-बोल्ट आहेत. आजोबा बैलगाड्या पार न्यायचे. दोन नावा शेजारी शेजारी बांधायच्या, वर फळ्या आंथरायच्या, त्यावर गाडी चढवायची, बैलांच्या डोळ्यांवर फडकं. मोटारी आल्या तेव्हा मोटारीही तशाच नेल्या. मग पूल झाला. “पूल झाला तेव्हा आजोबा सहा महिने रोज घाटावर येऊन बसायचे,” तो सांगतो. पुढचं सांगत नाही. डबा उचलून नावेतलं पाणी उपसायला लागतो.

खिळा मी मुलाला परत देऊ करते. त्याला नको आहे. माझ्या रुमालात राहतो.

आता उजेड आहे. आणि आता मागे वळून बघावंसं वाटतं, कारण सिद्धनाथाच्या शिखरावर ऊन पोचलंय.

हे देऊळ परमारांच्या काळातलं. राजा भोजाच्या घराण्याचं, म्हणजे धारचं. पण मराठी माणूस त्याच्यासमोर उभा राहिला की त्याला आधी धार आठवत नाही, अंबरनाथ आठवतं. शिखराच्या चारही बाजूंना मधोमध जाळीदार नक्षीचा एकेक पट्टा खालून वर जातो, आणि दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत इवल्या इवल्या शिखरांच्या रांगा, एकावर एक, उभ्या आणि आडव्या. माळेत मणी ओवावेत तशा. वर जाताना त्या बारीक होत जातात. या शैलीला भूमिज म्हणतात. अंबरनाथचं शिवमंदिर याच घडणीचं आहे, १०६० सालचं. सिन्नरचा गोंदेश्वर याच घडणीचा, मालेगावजवळच्या झोडग्याचं देऊळही. मी सिन्नरला वाढले. गोंदेश्वराच्या आवारात आम्ही लपाछपी खेळलो आहोत, त्या छोट्या शिखरांवर बोट फिरवत मोजण्याचा खेळ मला येतो. इथे नर्मदेच्या काठावर, घरापासून इतक्या लांब, माझं बोट आपोआप हवेत तेच करायला लागतं.

ही घडण माळव्यातून आपल्याकडे कुठल्या रस्त्याने आली असेल? याला मी पुरावा देऊ शकत नाही, पण रस्ता दाखवू शकते. अकराव्या शतकात अल्-बेरूनीने हिंदुस्थानातल्या वाटांची यादी दिली, तिच्यात धारहून दक्षिणेला निघणारी एक वाट आहे. धारनंतर दोन मुक्काम, मग नर्मदेकाठचं नामावर, पुढे अलिसपूर, आणि शेवटी गोदावरीकाठचं मंदगिर. नामावर म्हणजे हे. धारचा राजा, नर्मदेचा घाट आणि गोदावरी, एका ओळीत. नावेतून फक्त धान्य आणि घोडे गेले असं का समजायचं? टाकी आणि सूत-दोरी घेतलेले पाथरवटही उतरलेच असणार. गावाबाहेर टेकाडावर आणखी एक देऊळ आहे, अर्ध्यावर सोडलेलं; त्याचे पाथरवट कुठेतरी गेलेच ना.

“पोरी, ते उन्हाचं बघत बसू नगं, च्या घे.”

मराठी. आणि तीही आमच्या नाशकाकडची नव्हे, खाली साताऱ्या-कराडाकडची.

आजी केव्हा येऊन बसल्या कळलं नाही. पांढरं लुगडं, वर तपकिरी स्वेटर, पायात कापडी बूट, त्यांच्या टाचा दोऱ्याने शिवलेल्या. शेजारी काठी, झोळी, गुंडाळलेलं अंथरूण, आणि गळ्याशी बांधलेली काचेची छोटी कुपी. कुपीत नर्मदेचं पाणी. परिक्रमावासी. त्यांच्याबरोबरचे दोघे जण वर आश्रमात पिठलं-भाकरीच्या खटपटीत आहेत, आजी आंघोळ उरकून घाटावर आल्यात. पितळी पेल्यातला चहा त्या मला अर्धा ओतून देतात.

कार्तिकात एकादशीनंतर ओंकारेश्वराहून निघाल्या. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची. दक्षिण काठाने समुद्रापर्यंत, मग उत्तर काठाने परत. अडीच महिने झाले चालताहेत. वय विचारलं तर म्हणतात, “नातवाचं लगीन झालं, मग निघाले.”

एक वही त्या झोळीतून काढतात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीवर पुन्हा फडकं. पानापानावर शिक्के. आश्रमांचे, धर्मशाळांचे, ग्रामपंचायतींचे. काही निळे, काही जांभळे, एक हिरवा. ज्या गावी मुक्काम, तिथला शिक्का. त्या वाचू शकत नाहीत, पण कुठला शिक्का कुठला ते त्यांना रंगावरून आणि डागावरून ठाऊक आहे. बोट ठेवत जातात. हा पहिल्या आठवड्यातला, रावेरखेडीच्या बाजूचा. “तितं बाजीरावसाहेबाची समाधी हाय. म्या डोकं टेकलं. म्हनलं, लई लांब येऊन पडलास रं बाबा.”

मी समोर बघते. हंडियाचे दिवे आता विझलेत, उंचावर पांढरी-पिवळी घरं दिसू लागलीत. आजींना मी सांगते ते खरं म्हणजे त्यांना सांगायची गरज नाही, त्या डोकं टेकवून आल्यात. पण मला राहवत नाही. फेब्रुवारी १७४० मध्ये निजामाचा मुलगा नासिरजंग याच्याशी मुंगी-शेवगावला तह झाला आणि बाजीरावांना दोन मुलूख मिळाले. एक खरगोण. दुसरा हे समोरचं हंडिया. त्या मुलखाचा बंदोबस्त करायला ते नर्मदेवर आले आणि २८ एप्रिलला रावेरखेडीत गेले. ज्या गावाच्या सनदेपायी ते या नदीवर आले, ते हे.

आजी हातातला पेला खाली ठेवतात आणि पलीकडे बघत राहतात. बराच वेळ.

“ह्ये गाव व्हय.”

हंडिया आज बघून त्याची किंमत कळत नाही. माळव्याच्या सुभ्यात अकबराच्या वेळी हंडिया हे सरकार होतं, म्हणजे आजच्या भाषेत मोठ्या जिल्ह्याचं ठाणं. आग्र्याहून बऱ्हाणपूरला जाणारा बादशाही रस्ता इथून नदी पार करायचा. दख्खनची सुभेदारी मिळालेला शाहजादा असो की सुरतेहून आलेला सावकार, या दोन गावांच्या मधल्या पाण्यातून त्याला जावं लागे. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याच वाटेने गेला. त्याने गावाचं नाव ‘आंदी’ असं लिहिलं आणि इथे जी नदी उतरावी लागते ती बनारस आणि पाटण्याच्या मध्ये गंगेला मिळते, असं नोंदवून ठेवलं. इतका मोठा प्रवासी, हिऱ्यातला बारीक डाग ओळखणारा, आणि नर्मदा कुठल्या दिशेला वाहते हे त्याने पाहिलं नाही. मला त्याचा राग येत नाही. घाई असलेल्या माणसाला नदीचा फक्त पलीकडचा काठ दिसतो.

ती वर्दळ दोन-तीन टप्प्यांत गेली. मोगली अंमल गेला आणि ठाणं हललं. पुढे हंडिया इंग्रजांकडे गेलं आणि नेमावर होळकरांच्या इंदूर संस्थानात राहिलं. (आजचा देवास जिल्हा बघून नेमावर देवासच्या पवारांचं असेल असं वाटतं, ते तसं नाही.) मग विंध्य चढून जाणारे चांगले रस्ते दुसरीकडून झाले. मुंबई-आग्रा रस्ता पश्चिमेला, धार जिल्ह्यात, खलघाटला नर्मदा पार करतो, मोठी वाहतूक तिकडे वळली. आणि १८७० साली मुंबई-जबलपूर लोहमार्ग पुरा झाला. गाडी हरद्यावरून गेली. हंडियापासून हरदा जेमतेम वीस किलोमीटर. तेवढ्या अंतराने इथलं सगळं संपलं. बाजार हरद्याला, अडत हरद्याला, वकील-डॉक्टर हरद्याला. घाटाला उरल्या बैलगाड्या, आणि नंतर पूल आला.

खलघाटचं नाव निघताच आजी मान हलवतात. त्या तिथून चालत आल्यात. जुलै २०२२ मध्ये इंदूरहून अमळनेरला निघालेली आपली एसटी तिथल्या पुलावरून नर्मदेत कोसळली, बारा माणसं गेली. आजींना साल माहीत नाही, पण गाडी आपली होती हे माहीत आहे. पुलाच्या अलीकडे काठावर थांबून त्यांनी दिवा सोडला.

धार जिल्ह्याबद्दल त्यांना सांगायचंय ते आणखी एक आहे, आणि ते सांगताना त्या वही मिटतात. चिखलदा, निसरपूर हा भाग. तिथेही चिखलद्याचा घाट, समोर बडवानीचा राजघाट, तिथेही नावा. सप्टेंबर २०१९ मध्ये सरदार सरोवर पहिल्यांदा पूर्ण भरलं, १३८.६८ मीटरपर्यंत, आणि ती गावं पाण्यात गेली. परिक्रमेची जुनी वाट पाण्याखाली असल्याने लांबून फिरून जावं लागतं. “पान्यात विजेचं खांब हुबं व्हतं,” आजी सांगतात. “तारा न्हाईत, नुस्तं खांब. एका खांबावर पाखरू बसल्यालं. म्या आमच्या तात्याला म्हनलं, खाली आळी असंल.”

नेमावर त्या मानाने नशीबवान. खाली पुनासाला इंदिरा सागर झालं. त्यात २००४ च्या पावसाळ्यात हरसूद शहर उठलं, देवास आणि हरदा जिल्ह्यांतली गावंही बुडाली, पण हा घाट, हे देऊळ वर राहिलं. मात्र नदीचा स्वभाव बदलला. एप्रिल २००५ मध्ये याच देवास जिल्ह्यात धाराजीच्या यात्रेला लोक रात्री नदीच्या पात्रात खडकांवर झोपले होते. वरच्या इंदिरा सागरातून पाणी सुटलं. साठाहून अधिक माणसं झोपेतच वाहून गेली. वर्षानुवर्षं जिथे अमावास्येला पात्र कोरडं असतं तिथे पाणी येईल, असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. केवट नाव उपसता उपसता हे ऐकतोय. तो म्हणतो, आता पाण्याला विचारून काही कळत नाही, आधी वर फोन करावा लागतो.

पावणेआठ. घाटावर गर्दी होते. नारळ, झेंडूच्या माळा, द्रोणातले दिवे. एक नवरा-बायको बाळाचं जावळ काढायला आलेत, बाळ घाट डोक्यावर घेतंय. “नर्मदे हर!” वरून कुणीतरी म्हणतं आणि खालून पाच-सहा आवाज एकदम, “जिंदगी भर!” एक नाव नाभिकुंडाकडे निघते. केवट माझ्याकडे बघतो: यायचंय का? नाभी दाखवून पुढे हंडियाला सोडतो.

मी सहज आजींकडे वळते. “चला ना आजी, दहा मिनिटांचं तर आहे.”

बोलून जीभ चावते. परिक्रमावासी नदी उतरत नाही. बेटावरसुद्धा जात नाही. पूर्ण प्रदक्षिणेत नाव फक्त एकदाच: समुद्राशी, विमलेश्वराहून मिठीतलाईला, जिथे नर्मदा संपलेली असते.

आजी हसतात. “त्या नावंत बसले म्या. चार तास. समदी ओकत व्हती, म्या न्हाई. आता नाव न्हाई.” मग काठीच्या टोकाने त्या समोरचा काठ दाखवतात. “तितं मी येनार हाय की. पर हिकडनं.” आणि काठी डावीकडे वळवतात, सूर्य वर येतोय त्या बाजूला.

मी मनात हिशेब मांडते. इथून अमरकंटक म्हणजे अर्धी नदी, साडेसहाशे किलोमीटरच्या वर. तिथे उगमाला वळसा घालायचा आणि दक्षिण काठाने तितकंच परत. तेराशे किलोमीटर. बरगीच्या जलाशयाचा फेरा वेगळा. रोज वीस धरले तरी दोन महिन्यांहून जास्त. समोरच्या त्या पांढऱ्या-पिवळ्या घरांपाशी, जिथली बकरीसुद्धा इथून दिसतेय, आजी पोचणार चैत्रात.

बादशहाचे सुभेदार, पेशव्यांचे स्वार, ताव्हेर्निए, बंजाऱ्यांचे मिठाचे बैल, सगळ्यांना एकच पाहिजे होतं, की हे पाणी कधी एकदा मागे पडतं. घाट त्यांच्या त्या घाईवर जगला. आणि आज या घाटावर जी माणसं मुक्काम करताहेत, शिक्के मारून घेताहेत, पीठ-डाळ घेताहेत, ती ही अशी. पलीकडे जाण्यासाठी उगमापर्यंत चालणारी.

वरून तात्यांची हाक येते. आजी उठतात. आधी झोळी, मग अंथरूण, मग काठी. कुपी पदराखाली सरकवतात. दोन पावलं जाऊन थांबतात.

“पोरी, तू तिकडं जातीयास नव्हं?”

“हो.”

“मग यवढं बघ. त्या घाटावर सावली हाय का. चैतात ऊन लई असतं. टेकायला झाड असलं म्हंजी झालं.”

नंबर त्या मला तोंडपाठ सांगतात, नातवाने घोकून घेतलाय. बटणांचा साधा फोन झोळीच्या तळाशी आहे.

नाव सुटते. केवट बांबूने रेटा देऊन तिला घाटापासून तोडतो, मग इंजिन. तो मुलगा सुतळी गुंडाळतोय, दप्तर आणायला जायचं असेल. नाभिकुंडाला वळसा घालताना इंजिन बंद होतं आणि एकदम फक्त पाणी ऐकू येतं. नावेतल्या बायका ओंजळीने फुलं सोडतात. मी रुमालातला खिळा चाचपते. इथेच कुठेतरी ती नाव गेली असेल जिच्या फळीतून हा निसटला. कधीची, कोण जाणे. परत पाण्यात टाकावा असं क्षणभर वाटतं. मग वाटतं, नको, उद्या पहाटे तो पुन्हा त्या मुलाच्या चुंबकाला लागेल आणि मुलगा पुन्हा फेकून देईल.

इथून दोन्ही गावं सारख्याच अंतरावर दिसतात. नेमावर उत्तरेला, देऊळ आणि त्याच्या पायाशी रंगीत ठिपके. हंडिया दक्षिणेला, दरड, तिच्यावर किल्ल्याच्या पडक्या दगडी भिंती. माळव्याच्या होशंगशाहाने बांधला म्हणतात. पूल दोघांनाही न विचारता वरून जातोय.

हंडियाला नाव काठाला लागते तेव्हा पावणेनऊ झालेत. घाटावर दोन-चार माणसं. कुणी तेली की सराय दाखवायला तयार होतो, जुन्या रस्त्यावरची ती सराई, ज्यात वाटसरू नावेची वाट बघत पडून राहायचे. कुणी म्हणतो आधी मुल्ला दो-प्याजाची कबर बघा. अकबराच्या दरबारातला गोष्टींमधला तो मुल्ला इथेच वारला, असं गाव सांगतं. रिद्धनाथाचं देऊळ तर समोरच आहे, पलीकडच्या सिद्धनाथाचा जोडीदार. सगळं बघायचंय. पण आधी एक काम आहे.

पायऱ्या चढून मी वर जाते. डावीकडे उन्हाने तापायला लागलेला सिमेंटचा ओटा. त्यावर नाही. थोडं पुढे, दरडीच्या कडेला, पिंपळ. जुना, एका अंगाला वाळलेला, पण दुसऱ्या अंगाला दाट. खाली दगडी पार, पाराच्या खोबणीत शेंदूर, आणि रांजण. रांजणावर झाकण आणि झाकणावर उपडा पेला. मी पारावर बसून बघते. इथून पाणी दिसतं, समोरचं शिखर दिसतं. दुपारी ऊन कुठून येईल त्याचा अंदाज घेते. पश्चिमेला सरायच्या बाजूला आणखी दोन कडुनिंब आहेत, ते संध्याकाळचं ऊन अडवतील. पण चैत्रात पिंपळाची जुनी पानं गळतात आणि नवी फुटतात. पालवी धरलेली असेल का?

पाराशी बसलेल्या म्हाताऱ्या बाबांना विचारते. ते वर बघतात, बोटांवर काहीतरी मोजतात आणि म्हणतात, गुढीपाडव्याच्या सुमाराला तांबडी पालवी असते, रामनवमीला सावली.

फोन लावते. बराच वेळ वाजतो. झोळीच्या तळाशी असेल. समोरच्या काठावर, देवळाच्या पुढे, पूर्वेकडे जाणाऱ्या पायवाटेवर तीन ठिपके हलताहेत. त्यातला मधला पांढरा थांबतो.

“हां, बोल.”

“आजी, पिंपळ आहे. पार आहे. पाण्याचा रांजण आहे.”

“सावली?”

“रामनवमीच्या पुढे आलात तर पुरी असेल.”

पलीकडे त्या तात्यांना काहीतरी विचारतात, तात्या काहीतरी सांगतात. मग पुन्हा फोनवर:

“मग हळूच येते,” आजी म्हणतात, आणि पांढरा ठिपका पुन्हा चालायला लागतो.